सरोजताई आणि एक्केचाळीस चिठ्ठ्या

सरोजताई बसून कधी वाचत नसत. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर, गॅसच्या डाव्या बाजूला, पुस्तक भिंतीला टेकवून उभं केलेलं असायचं. ते घसरू नये म्हणून पुढे मिसळणाचा डबा. एका हातात पळी, दुसऱ्या हातात पेन्सिल. कुकरची शिट्टी झाली की पुस्तकावरची नजर न काढता "दोन" म्हणायच्या आणि पान उलटायच्या. बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडायच्या, "सरोज, चार झाल्या गं! डाळीचं पाणी केलंस." ताई म्हणायच्या, "हो आई, एवढा परिच्छेद."

हे "एवढा परिच्छेद" त्यांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा यायचं. मुलीने वेणीसाठी हाक मारली, दूधवाल्याने बेल वाजवली, नवऱ्याने डबा मागितला, सगळ्यांना तेच उत्तर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परिच्छेद म्हणजे काय ते मला आठवेना. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. जालन्याकडे आमच्या गावात तेवढीच शाळा होती. विचारायची लाज वाटली, म्हणून मी मनाशी धरलं की परिच्छेद म्हणजे काहीतरी संपत नाही अशी गोष्ट असणार. फार चुकीचं धरलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "ताई, बसून का नाही वाचत?"

"बसले की डोळा लागतो, कमल. आणि डोळा लागला की तिघंही ओरडतात."

तिघं म्हणजे घर, आमची ख्रिस्ती मंडळी आणि युनिव्हर्सिटी.

नावडे कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा अविनाशभाऊ तळोजाच्या एका केमिकल कंपनीत, पाळीपाळीने कामाला. सासूबाईंना आम्ही सगळे आजी म्हणायचो. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मुलगी रेचल दहावीला. ताई स्वतः घणसोलीच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला जायच्या. दरवर्षी जूनमध्ये घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. पीएचडी झाली तरच कायमची नोकरी. ताईंचे वडील नगरकडे एका चर्चचे पाळक होते, त्यामुळे बायबलचं शिक्षणही त्यांनी घेतलं होतं. इकडे आल्यावर बघितलं तर जवळपास मराठीतून उपासना नाही. मग त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत चार माणसं जमवून सुरू केली.

मी त्या चार माणसांतली नव्हे. मी पाचवी. एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी चपात्या लाटते. एका रविवारी जादा कामावरून परत येताना त्यांच्या बिल्डिंगखाली गाण्याचा आवाज ऐकला. माझी आई म्हणायची तेच गाणं, पण चाल जरा घसरलेली. मी जिन्याखाली उभी राहून ऐकत होते. खिडकीतून एक बाई डोकावली. "बाई, तुमचे ओठ हलताहेत. गाणं येतं ना? मग वर या. इथे चौघं चार दिशांना चाललोत." मी पळून जाणार होते, पण त्या चप्पल न घालताच खाली उतरून आल्या.

त्यांच्या घरातला रविवार म्हणजे घर उचलून दुसरीकडे ठेवायचा दिवस. पलंग उभा करून भिंतीला लावायचा. टीव्हीवर पांढरं कापड. आजींना खुर्चीसकट उचलून स्वयंपाकघरात. रेचल पुस्तकं घेऊन जिन्यात जाऊन बसायची. आजी आतून सुनावायच्या, "देवाला जागा झाली, आता म्हातारीला फ्रिजमध्ये ठेवा." आणि उपासना सुरू झाली की सगळ्यात मोठा आमेन आतून त्यांचाच यायचा.

माणसं वाढली तशा सोसायटीच्या तक्रारी सुरू झाल्या. सेक्रेटरी चांगले होते, पण दर आठवड्याला दारात उभे. "मॅडम, प्रार्थना करा हो, पण चपला जिन्यात नकोत, ढोलकी नको, आणि जरा कमी माणसं." ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कमी माणसांची मंडळी कशी काढतात ते मला कोणी शिकवलं नाही." मग मी नावडे गावातल्या माझ्या घरमालकीणबाईंकडे शब्द टाकला. मी कोणाकडे काही मागितलं असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. त्यांच्या घरावर एक पत्र्याची मोठी खोली रिकामी होती. त्या म्हणाल्या, "देवाचं हाय ना? मंग मी नको कशाला बोलू? पन ढोलकी हळू वाजवा. माजे नातीचा पेपर हाय." नातीचा पेपर दर महिन्याला असायचा, पण खोली मिळाली.

लोकांना वाटायचं ताई भराभर सगळं करतात. मी जवळून बघत होते. त्या कुठेही असल्या तरी दुसरीकडून पळून आल्यासारख्या असायच्या. एकदा त्यांच्या गाईड मॅडमसमोर प्रबंधाची पानं काढायला पिशवी उलटी केली, तर प्रभुभोजनाचे, द्राक्षरसाचे छोटे पेले टेबलावर घरंगळले. मॅडम म्हणाल्या, "सरोज, हे काय पिण्याचं काढलंस?" आणि मंडळी अजून घरी भरायची तेव्हा एका रविवारी संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, उभ्या राहिल्या, कागद उघडला आणि मोठ्याने वाचलं, "प्रकरण तिसरे. संशोधनपद्धती." आतल्या बाजूने आजी म्हणाल्या, "आमेन." तेव्हा सगळे इतके हसले की ताईंनाही पुढे पाच मिनिटं बोलता येईना. संदेशाची टिपणं त्या प्रबंधाच्या रद्द पानांच्या पाठीवर लिहायच्या. कागद एकच, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटी.

पण सगळेच दिवस हसण्याचे नसत. त्यांचं युनिव्हर्सिटीत सेमिनार होतं त्याच दिवशी मंडळीतल्या एका भावाचे वडील वारले. ताईंनी सकाळी कबरस्तानात माती दिली, तशाच युनिव्हर्सिटीत गेल्या, संध्याकाळी घरी आल्या तेव्हा रेचल तापाने फणफणलेली. आजींना उठता येत नव्हतं, अविनाशभाऊ कंपनीत. मी तेव्हा भाजी निवडायला आले होते. ताईंनी मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि स्वयंपाकघरात येऊन दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला. चपलेला कबरस्तानाची माती तशीच होती. म्हणाल्या, "कमल, आज मी तिन्ही ठिकाणी उशिरा पोचले."

"सोडा ना एखादं," मी म्हटलं.

"कोणतं? सांग, कोणतं सोडू?"

मी रेचलच्या कपाळावरची पट्टी बदलायला गेले. नंतर पुष्कळदा विचार केला, तरी एखादं निवडता आलं नाही.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. आमच्यात उपासनेच्या वेळी उभं राहून आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची अशी रीत आहे. पुरुष उभे राहायचे. नोकरी, आजार, गावची जमीन. बायका उभ्या राहिल्या तरी मुलाची परीक्षा आणि सासूचं ऑपरेशन यापलीकडे जात नसत. पलीकडे नवरा, शेजारी जाऊ, नणंद. ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, झाकणाला चीर पाडली आणि मागच्या खिडकीत ठेवला. "ज्या बहिणींना बोलता येत नाही त्यांनी लिहा. नाव घालू नका. मी वाचीन, प्रार्थना करीन आणि फाडून टाकीन. डबा देवाचा. मी नुसती झाकण उघडणारी."

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या दुसरीकडून लिहून घ्यायच्या. मला लिहिता येतं. तरी मी चार महिने नुसती डब्याकडे बघत होते. मग एका दिवशी कँटीनच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं. ते इथे लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. "हे सेकंड शिफ्टला जातात तेव्हा मला घरात बरं वाटतं. सुट्टीच्या दिवशी बरं वाटत नाही. हे पाप असेल तर क्षमा कर, आणि नसेल तर मला तसं कळू दे."

डब्यात टाकली आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले. मग हलकं वाटलं. ही गोष्ट मी माझ्या आईलाही सांगितली नव्हती.

ताईंचा अभ्यास आमच्यासारख्या बायकांवरच होता. बाहेरगावाहून इकडे आलेल्या, कामाला जाणाऱ्या बायका आपलं दुःख कोणाला सांगतात, असा काहीसा विषय. प्रबंध मराठीतून होता. एखादं प्रकरण पूर्ण झालं की मंगळवारी दुपारी त्या मला वाचून दाखवायच्या. मी लसूण सोलायची, त्या कणीक मळता मळता वाचायच्या. "तुला कळलं म्हणजे नीट लिहिलंय. मॅडमना तर काहीही कळतं." मला त्यातलं अर्धं कळायचं. ते अर्धं कळलं की मला आत कुठेतरी फार बरं वाटायचं. मला वाचून दाखवणारी माणसं माझ्या आयुष्यात दुसरी नव्हती.

त्या वर्षी शेवटची मुदतवाढ होती. सात वर्षं झाली होती. सप्टेंबर संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नाव रद्द. पाचवं प्रकरण राहिलं होतं, ते झालं आणि ताई खुशीत होत्या. मॅडम म्हणाल्या होत्या, बाकीची प्रकरणं ठीकठाक आहेत, पण या पाचव्यावर तुझी पीएचडी उभी आहे.

त्या मंगळवारी त्यांनी पाचवं वाचायला घेतलं. एक बाई म्हणते, मला माहेरी जाऊन फक्त झोपायचंय. दुसरी म्हणते, माझ्या नावाची एक तरी खोली असावी. मी लसूण सोलत ऐकत होते. मनात आलं, किती खरं बोलल्यात बायका. मग ताईंनी वाचलं, "'पती दुसऱ्या पाळीला असताना घरात बरे वाटते,' असे एक स्त्री लिहिते. यावरून पतीच्या उपस्थितीत तिला वाटणारी भीती आणि कौटुंबिक हिंसेची शक्यता सूचित होते."

माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. ताई पुढे वाचत होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं ना. माझीच गोष्ट मला वाचून दाखवून त्यांनी विचारलं, "कळतंय ना?"

मी मान हलवली. आमटीला पुरेल एवढा लसूण झाला म्हणून उठले आणि घरी आले.

घरी आल्यावर मला राग कशाचा आला ते आधी समजेना. फाडून टाकते म्हणाल्या आणि फाडलं नाही, हे तर होतंच. पण जास्त टोचलं ते दुसरंच. हे मला मारत नाहीत. कधीच नाही. घाणेरडं बोलतही नाहीत. ते घरात असले की घर त्यांचं असतं, एवढंच. टीव्ही त्यांचा, पंख्याखालची जागा त्यांची, चहाची वेळ त्यांची. मी कडेकडेने काम करते. ते पाळीला गेले की मी दार लोटते, पंख्याखाली जमिनीवर आडवी होते आणि पाय लांब करते. याला पुस्तकात काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण त्याला भीती म्हणत नाहीत. ताईंनी माझी ओळ घेतली आणि माझ्या नवऱ्याला मारकुटा करून टाकलं.

दोन रविवार मी डोकं दुखतं म्हणून गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात ताई स्वतः आल्या. नेमकी यांची सुट्टी. हे पंख्याखाली बसलेले. "या, या पाळकबाई. हिचं डोकं काही थांबत नाही बघा. तुम्हीच प्रार्थना करा." ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. ताईंनी ते बघितलं असणार. निघताना म्हणाल्या, "रस्त्यापर्यंत येतेस?"

रस्त्यावर एका बंद दुकानासमोर थांबून त्यांनी विचारलं, "कमल, माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "ताई, ते मारत नाहीत मला."

"कोण?"

"हे. तुम्ही लिहिलंय ना, भीती वाटते म्हणून. नाही वाटत. ती चिठ्ठी माझी होती."

सरोजताई त्या दुकानाच्या पायरीवर खाली बसल्या. पुढून टँकर गेले, धूळ उडाली, त्यांनी पदरसुद्धा तोंडाला लावला नाही.

"तुम्ही फाडते म्हणाला होता," मी म्हटलं.

"फाडल्या गं. सगळ्या फाडल्या. पण आधी वहीत उतरवून घेतल्या. रोज एकेकीसाठी प्रार्थना करायची म्हणून. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं." मग म्हणाल्या, "मुलाखतीत बायका सगळं ठीक आहे म्हणतात. मॅडम म्हणाल्या, सरोज, यात खरं काहीच नाही. घरी आले, ती वही उघडली, तर सगळं खरं त्यात होतं. एक्केचाळीस चिठ्ठ्या. नावं नव्हती, म्हणून मला वाटलं, कोणाच्याच नाहीत."

मला त्यांची दया आली. राग होता, तरी आली. मी म्हटलं, "माझी राहू द्या ताई. फक्त ते भीतीचं आणि मारायचं काढा."

"मग काय लिहू?"

मी पंख्याचं आणि पाय लांब करायचं सांगितलं. जेवढं जमलं तेवढं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या जरा हसल्याही. "मूर्ख आहे मी. अविनाशची सेकंड शिफ्ट असली की जेवणं उरकल्यावर तो येईपर्यंत तीन तास माझे असतात, मी पण त्यांची वाट बघते. त्याच तीन तासांत तुझी चिठ्ठी वाचली आणि मला हिंसा दिसली!"

मला वाटलं, मिटलं. पण ताईंचं मिटलं नव्हतं. "तू हो म्हणालीस. बाकीच्या चाळीस जणींचं काय?"

"रविवारी विचारा सगळ्यांना."

"विचारते. उभी राहते आणि सांगते, तुमच्या चिठ्ठ्या मी ठेवल्यात, छापू का? मग दुपारी प्रत्येक घरात काय होईल? नवरा काय विचारेल?"

मी माझं घर डोळ्यापुढे आणलं. हे पंख्याखाली बसलेत आणि विचारतायत, "काय गं, तू पण टाकली होतीस का चिठ्ठी? काय लिहिलं होतंस?" मी ताईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. "नका विचारू," मी म्हटलं. "ताई, पाया पडते, विचारू नका."

त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्या गाईड मॅडमकडे सीवूड्सला गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं. पिशवी जड आहे म्हणाल्या. पिशवी जड नव्हती. मॅडमचं घर बाराव्या मजल्यावर. मी सोफ्याच्या अगदी कडेला पाण्याचा ग्लास धरून बसले. ताईंनी सांगितलं की त्यांना पाचवं प्रकरण काढून टाकायचंय. मॅडम वाईट नव्हत्या. आधी समजावलं, मग चिडल्या.

"सरोज, नावं नाहीत, पत्ते नाहीत. कोणाला कळणार आहे?"

"जिने लिहिलं तिला."

"ती कुठे पीएचडी वाचायला येणारे?"

मी पाणी पीत होते. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं का, माहीत नाही. मॅडमनी विचारलं, "पाचवं काढून काय उरतं? नव्याने मुलाखती घ्यायला वर्ष लागेल. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. सात वर्षं, सरोज! घरच्यांना काय सांगणार?"

"झेपलं नाही म्हणून सांगेन," ताई म्हणाल्या.

आणि तसंच सांगितलं. मंडळीत, कॉलेजात, घरी. अविनाशभाऊंना खरं सांगितलं असेल, मला कल्पना नाही. मंडळीतले दोन-तीन पुरुष, ज्यांना बाईने संदेश दिलेला पहिल्यापासून आवडत नव्हता, त्यांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. "आधीच सांगत होतो. बाईमाणसाने एक काय ते नीट करावं." ताईंनी त्यांना चहा दिला.

सगळ्यात जास्त भडकल्या त्या आजी. मुदत संपली त्या दुपारी मी तिथेच होते. आजी खुर्चीतून ओरडत होत्या, "सात वर्षं मी करपलेली डाळ खाल्ली! सात वर्षं! रविवारी फ्रिजशेजारी बसले! लोकांना सांगत फिरले, आमची सून डॉक्टर होणार, सुई टोचायची नाही, मोठी डॉक्टर! आणि आता पूर्ण करत नाही म्हणजे काय? कोणाला विचारून?" आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. ताई त्यांच्या पायाशी बसून गुडघ्यांना तेल चोळत राहिल्या. मी तिथे भिंतीला लागून उभी होते. एक वाक्य बोलले असते तर आजींना कारण कळलं असतं. मी बोलले नाही.

ताईंनी ती वही माझ्यासमोर फाडली. पानन् पान. डबाही खिडकीतून काढून टाकला. तो का गेला असं कोणी विचारलं नाही. बायका पुन्हा मुलांच्या परीक्षा सांगू लागल्या.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजने पीएचडी झालेल्या एका मुलाला घेतलं. ताईंचे तास गेले. मग अविनाशभाऊंना त्यांच्या कंपनीने गुजरातच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. भाऊंनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणता आलं नाही. मंडळी एका तरुण पाळकाच्या हाती सोपवली. ताई इतकी वर्षं ज्यांना चहा देत होत्या तेच पुरुष निरोपाच्या उपासनेत त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले.

टेम्पो भरला त्या सकाळी मी गेले. पलंग, टीव्ही, आजींची खुर्ची, सगळं खाली आलं होतं. ओटा पुसताना ताई एकट्याच होत्या. मला वर्षभर विचारायचं होतं ते मी विचारलं. "ताई, माझ्यामुळे गेली ना तुमची पीएचडी?"

मला वाटलं त्या म्हणतील, नाही गं, देवाची इच्छा. तसं म्हणायला त्या शिकलेल्या होत्या. त्या फडकं पिळत थांबल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "तू बोलली नसतीस तर मी दिला असता प्रबंध. आज कायम असते. रोज वाईट वाटतं मला, सकाळी उठल्या उठल्या वाटतं. हे तुला नाही सांगितलं तर आणखी एकदा फसवल्यासारखं होईल." मग फडकं ठेवून त्यांनी ओल्या हाताने माझा हात धरला. "पण तू बोललीस ते बरं केलंस. दोन्ही खरं आहे. मी त्यातून मार्ग काढायला बघते, निघत नाही."

खालून आजी ओरडल्या. ताई गेल्या. आता त्या तिकडे एका शाळेत लहान मुलांना शिकवतात. आठ-दहा कुटुंबं घरी जमतात असं ऐकलं. फोन येतो कधीकधी. अभ्यासाचं त्या काढत नाहीत, मीही काढत नाही.

परवा मंडळीच्या वर्धापनदिनी नव्या पाळकांनी सरोजताईंची आठवण काढली. म्हणाले, बहिणीने मोठं काम सुरू केलं, पण घर, शिक्षण आणि सेवा, इतकं एका माणसाला झेपत नाही, यातून आपण शिकावं. लोकांनी माना हलवल्या. मी मागे बसले होते. त्यांना झेपलं होतं. तिन्ही झेपलं होतं. सात वर्षं उभ्याने झेपलं होतं. हे सांगायला मी पदर सावरला, उठायला हात जमिनीवर टेकला. पण का सोडलं असं कोणी विचारलं असतं, तर चिठ्ठ्यांचं सांगावं लागलं असतं. आणि कोणती चिठ्ठी असं विचारलं असतं, तर माझी ओळ सांगावी लागली असती. समोर पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, हे बसले होते. या वर्षापासून त्यांना कायमची पहिली पाळी मिळाली आहे, आणि ते दर रविवारी न चुकता येतात.

मी हात उचलून घेतला. पाळकांनी पुढचं गाणं सांगितलं, आणि मी सगळ्यांबरोबर म्हटलं.